चपट्या नाकाची गोळी आणि दोन हजार जूल

जर्मनीत रायफलच्या काडतुसांचं खोकं उलटं करून पाहिलं, तर मागे एक बारीक अक्षरांतला तक्ता छापलेला असतो. गोळी नळीतून सुटतानाचा वेग, मग ठरावीक अंतरांवरचा वेग, आणि खाली त्या त्या अंतरावर गोळीत उरलेली ऊर्जा. शिकारी त्यातला एकच आकडा आधी शोधतो: शंभर मीटरवरची ऊर्जा, जूलमध्ये. कारण तिथल्या शिकार कायद्याच्या १९व्या कलमात हाच आकडा आहे. ‘रो’ जातीच्या लहान हरणासाठी शंभर मीटरवर किमान १००० जूल हवेत. रानडुक्कर, तांबडं हरीण आणि खुरांची बाकी मोठी जनावरं मारायची, तर गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान २००० जूल. आकडा भरला तर काडतूस चालतं, नाहीतर ठेवा कपाटात.

एका जगप्रसिद्ध बंदुकीचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. काउबॉय चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे: लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि घोडा चढतो; कडी परत वर घेतली की नवं काडतूस नळीत बसतं. विंचेस्टर कंपनीच्या १८९४ सालच्या मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. तिचं नेहमीचं काडतूस ‘थर्टी-थर्टी’. त्यातली १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅम भरणारी गोळी सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने सुटते. तेव्हा तिच्यात २५७० जूलच्या आसपास ऊर्जा असते. शंभर मीटरवर पोचेपर्यंत सतराशे-अठराशेच उरतात. म्हणजे जर्मन रानडुकरासाठी ती नापास.

शंभर मीटरांत एक तृतीयांश ऊर्जा गेली कुठे? हवेत. आणि त्याचं मूळ बंदुकीच्या रचनेत आहे. या रायफलीचं मॅगझिन म्हणजे नळीखाली बसवलेली दुसरी नळी. तिच्यात काडतुसं एकामागे एक, रांगेत बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि बुडाच्या बरोबर मध्यभागी असते ती टोपी, जिच्यावर आघात झाला की दारू पेटते. गोळी टोकदार असेल तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने तेच टोक फायरिंग पिनचं काम करू शकतं. मग नळीतल्या नळीत स्फोट. म्हणून या बंदुकीसाठी गोळ्या चपट्या किंवा बोथट नाकाच्या करायच्या, असा दंडक पडला. चपटं नाक हवेला छाती काढून सामोरं जातं, आणि हवा त्याची पुरेपूर किंमत वसूल करते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे हा तोटा दिसतो त्याहून जास्त बोचतो. थर्टी-थर्टीचा वेग शंभर मीटरांत अठरा टक्क्यांच्या आसपास घटतो. ऊर्जा मात्र तेहतीस-चौतीस टक्के जाते. तेवढ्याच वजनाची टोकदार गोळी डागणारं .३०८ विंचेस्टर हे काडतूस त्याच अंतरात वेगाचा दहा-अकरा टक्केच भाग गमावतं आणि शंभर मीटरवर २८०० जूलच्या आसपास घेऊन पोचतं.

दोन हजार जूल हा निकष कितपत शहाणपणाचा, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. ‘फॉर्टी फाइव्ह-सेव्हन्टी’ हे १८७३ सालचं अमेरिकी लष्कराचं काडतूस घ्या. त्याने प्रेअरीवरचे गवे पडले. त्याच्या जुन्या धर्तीच्या भारात ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची शिशाची गोळी असते, पण वेग मंद. शंभर मीटरवर तिच्यात साडेसोळाशे जूलच उरतात. म्हणजे जे काडतूस गव्याला पुरलं, ते जर्मन कायद्यानुसार डुकराला पुरत नाही! संवेग मोजला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तर चित्र उलटं होतं: ही जड गोळी .३०८ च्या गोळीपेक्षा जवळजवळ पाव पट पुढे आहे. तरीही जनावर जूलने मरत नाही आणि संवेगानेही नाही. गोळी हृदय-फुफ्फुसांतून गेली का आणि जाताना उमलली का, यावर सगळं ठरतं. पण कायद्याला असा आकडा लागतो, जो प्रयोगशाळेत मोजता येतो आणि खोक्यावर छापता येतो. त्या दृष्टीने जूल सोयीचा, एवढंच. याच काडतुसाचे आजचे जोरकस भार २००० ची रेघ सहज ओलांडतात.

बरं, आकडा कुठे मोजायचा यावरही युरोपात एकमत नाही. इंग्लंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजतात आणि मर्यादा आहे सुमारे २३०० जूल. तिथे थर्टी-थर्टी आरामात पास. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणासाठी ऊर्जेसोबत वेगाचीही अट आहे, सेकंदाला सुमारे ७४७ मीटर. आपली १५० ग्रेनची गोळी तिथे वीसेक मीटरने कमी पडते. एकच बंदूक, एकच काडतूस, तेच हरीण. सीमेवरचा ओढा ओलांडला की गुन्हा.

ही बंदूक युरोपात नवखी मात्र नाही. १८७७ साली प्लेव्हनाच्या वेढ्यात ऑटोमन सैन्याने विंचेस्टरच्या १८६६ च्या मॉडेलमधून रशियन फौजांवर गोळ्यांचा पाऊस पाडला होता. पहिल्या महायुद्धात खुद्द रशियाने विंचेस्टरच्या १८९५ च्या मॉडेलच्या जवळजवळ तीन लाख रायफली मागवल्या. त्या मॉडेलला मॅगझिन पेटीचं होतं, काडतुसं एकावर एक रचलेली, त्यामुळे सैन्याची टोकदार गोळी त्यात चालत होती. आणि जर्मन मुलांच्या मनात लिव्हर रायफल शिरली ती कादंबऱ्यांतून. कार्ल माय या लेखकाने आपल्या नायकाच्या हाती पंचवीस बारांची हेन्री रायफल दिली. खऱ्या हेन्रीच्या नळीत पंधरा-सोळाच मावत, पण लेखकाला कोण विचारतो? ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइल गावातल्या त्याच्या संग्रहालयात त्या काल्पनिक बंदुकीचं ‘मूळ’ मांडलेलं आहे. प्रत्यक्षात ती विंचेस्टर आहे. आज जुन्या मॉडेलांच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात त्या इटलीत, गार्दोने वाल त्रोम्पियाच्या परिसरात. तिथल्या उबेर्ती कंपनीचा जन्म १९५९ चा.

प्रतिकृती घेऊन रानात जाणाऱ्याने आतली रचना समजून घेतलेली बरी. १८६६ आणि १८७३ च्या मॉडेलांत काडतुसाला मागून आधार देणारा बोल्ट अडवून धरणारा सांधा गुडघ्यासारखा असतो: पाय ताठ असेपर्यंत रेटा पेलतो. पण स्फोटाचा सगळा दाब छोट्या खिळींवर येतो, म्हणून त्यात पिस्तुलाच्या ताकदीची काडतुसंच चालतात. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने हे दुखणं ओळखलं. त्याच्या १८८६ च्या मॉडेलमध्ये दोन पोलादी पट्ट्या बोल्टच्या बाजूंनी उभ्या सरकून त्याला जखडतात. १८९४ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या मागे एक जाड ठोकळा वर चढतो. लिव्हर ही तरफ. हाताची थोडी ताकद तिथे जड पोलाद हलवते, पण दाब पेलायची वेळ आली की ती त्यातून अलगद बाजूला असते. धूररहित दारूचा जोर झेलणारी लिव्हर रायफल यामुळे शक्य झाली.

आता रान पाहू. मध्य युरोपात नोव्हेंबर ते जानेवारी हा हाक्याचा हंगाम. हाकारे आणि कुत्री झाडीतून चालतात, शिकारी ठरलेल्या जागी बुटक्या मचाणांवर उभे असतात, अंगात भडक नारिंगी जाकिटं. तेवढी तरी उंची ठेवायचं कारण साधं आहे: गोळी खाली जमिनीत घुसावी, पलीकडच्या हाकाऱ्याकडे जाऊ नये. डुकरं येतात ती धावत, वीस ते साठ मीटरवरून. ताशी चाळीस किलोमीटर धावणारं डुक्कर सेकंदाला अकरा मीटर पुढे जातं. थर्टी-थर्टीच्या गोळीला पन्नास मीटर कापायला सेकंदाचे साधारण सात शतांश लागतात. तेवढ्यात डुक्कर ८० सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. .३०८ ला हेच अंतर ६६ सेंटिमीटर पडतं. फरक वीतभरही नाही. नेम किती पुढे धरायचा याचा माणसाचा अंदाज त्याहून जास्त चुकतो. शिवाय पन्नास मीटरवर थर्टी-थर्टीमध्ये २१०० जूलच्या आसपास ऊर्जा शिल्लक असतेच. ज्या अंतरावर ती वापरायची, तिथे ती पुरेशी आहे. कायदा मोजतो त्या अंतरावर नाही.

हाक्यात दुसरा बार पटकन टाकता येणं महत्त्वाचं. आपोआप भरणाऱ्या रायफलीत जर्मनीत शिकारीच्या वेळी एकूण तीनच काडतुसं भरता येतात. लिव्हर हाताने चालते म्हणून तिला हे बंधन लागत नाही. बंदूक खांद्यावरून न काढता, नजर डुकरावर ठेवूनच कडी खाली-वर करता येते, हातमोज्यांसकट. एक खोड मात्र आहे: जुन्या विंचेस्टरमधून रिकामं काडतूस थेट वर उडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसवायची पंचाईत. मार्लिन कंपनीच्या लिव्हर रायफलीत ते बाजूने पडतं. तरी खरं सांगायचं तर जर्मन शिकाऱ्याची पहिली पसंती ही नाही. बोल्ट सरळ मागे ओढण्याच्या रायफली, उदाहरणार्थ १९९३ ची ब्लाझर आर-९३, तितक्याच वेगाने चालतात आणि हवं ते काडतूस पचवतात.

एवढी डुकरं मारायची गरज का पडते? मक्याची शेती वाढली, हिवाळे सौम्य झाले, ओक आणि बीचला फळांचा बहर वारंवार येऊ लागला. पोटभर खाल्लेली मादी वयाच्या पहिल्याच वर्षी गाभण राहू शकते. २०१९-२० च्या हंगामात जर्मनीत ८ लाख ८० हजारांहून अधिक रानडुकरं मारली गेली. त्यात आफ्रिकन स्वाइन फीव्हरची भर. माणसाला निरुपद्रवी आणि डुकरांना जीवघेणा असा हा विषाणू २००७ मध्ये जॉर्जियात, २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या पूर्व टोकाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीच्या ब्रांडेनबुर्गमध्ये पोचला. चीनने लगेच जर्मन डुकराचं मांस घेणं बंद केलं. कोकणात आणि विदर्भात शेतं उकरणारं डुक्कर याच जातीचं आहे, त्यामुळे एका रात्रीत पिकाचं काय होतं हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

चपट्या नाकावर तोडगा निघाला तो रसायनशास्त्रातून. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नडी कंपनीने रबरासारख्या लवचीक पॉलिमरचं टोक असलेली गोळी बाजारात आणली. मॅगझिनच्या नळीत धक्का बसला की टोक दबतं, टोपीला इजा करत नाही. नळीतून सुटल्यावर ते हवा कापतं. थर्टी-थर्टीची अशी १६० ग्रेनची गोळी शंभर मीटरवर २१०० जूलच्या पुढे राहते. दीडशे वर्षांची अडचण नखाएवढ्या मऊ तुकड्याने सुटली. फक्त एक सावधगिरी: खोक्यावरचा आकडा बहुतेकदा लांब नळीतून मोजलेला असतो, आणि आखूड कार्बाइनमध्ये वेग कमी भरतो. दुसरा मार्ग ब्राउनिंग कंपनीच्या बीएलआर रायफलीचा. तिच्यात लिव्हर दातेरी चाकांतून बोल्ट हलवते आणि मॅगझिन पेटीचं आहे. टोकदार गोळ्या बिनधास्त भरा.

पण पुढची अडचण येऊन ठेपली आहे. शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे कण आतड्यांत विखुरतात. शिकारी आतडी रानातच टाकतो आणि ती खाणारे पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड शिशाच्या विषबाधेने मरतात. बर्लिनच्या लाइबनित्स वन्यजीव संशोधन संस्थेने हे नीट दाखवून दिलं आहे. पर्याय तांब्याचा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात दारूची जागा खाते. शिवाय तांबं कडक असल्याने पुरेसा वेग नसला तर गोळी उमलतच नाही, आणि वेगाच्या बाबतीत थर्टी-थर्टी आधीच गरीब. कमी वेगाला उमलणाऱ्या तांब्याच्या गोळ्या आता मिळतात, पण त्या मोजक्याच.

माझ्या मते पेटीच्या मॅगझिनची .३०८ लिव्हर रायफल युरोपच्या हाक्यात आजही कोणाच्या मागे नाही. नळीच्या मॅगझिनची थर्टी-थर्टी रो हरणासाठी उत्तम. डुकरासाठी खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्यावी. आणि डेन्मार्कला जाणाऱ्याने खोक्यावर धातूचं नावही पाहावं, कारण तिथे १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळीने शिकार करायला बंदी आहे.