अळणी बिस्किटं

कोहळं, म्हणजे लाल भोपळा, विकत घेताना आधी देठ बघावा. देठ पुरता वाळलेला हवा, साल नखानं टोकरली जाऊ नये आणि फोड कापली की गर गडद केशरी निघावा. कोवळ्या कोहळ्यात पाणी फार. त्याचा गर कितीही पीठ खातो आणि भाजून झाल्यावरही बिस्किटं आतून ओलसर राहतात. आमच्याकडे कोहळ्याची बोंडं करायची तर बायका नेमकं असंच कोहळं शोधतात, त्यामुळे वर्ध्याच्या बाजारात ते मिळायला अडचण नाही. बोंडात मात्र पुढे गूळ पडतो, वेलची पडते, जायफळ किसलं जातं. कुत्र्याच्या बिस्किटात यातलं काहीही पडत नाही. जायफळातलं मिरिस्टिसिन कुत्र्याच्या मज्जासंस्थेला त्रासदायक ठरतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

सेवाग्रामात आमच्या घरी गावठी कुत्री आहे, राणी. तिच्यासाठी ही बिस्किटं होतात आणि उरलेली शेजारीपाजारी वानोळा म्हणून जातात, कारण आता बऱ्याच घरांत कुत्री आहेत.

कोहळ्याच्या फोडी सालीसकट वाफवते. पाण्यात उकडल्या तर त्या पाणी शोषतात, म्हणून चाळणीत ठेवून वाफेवर. सुरी सहज आत गेली की खाली उतरवायच्या, साल काढायची, गर कुस्करून पातळ कापडात बांधायचा आणि खाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवून तासभर टांगायचा. गंजात जे पिवळसर पाणी जमतं, ते राणीच्या भाकरीवर जातं. कापडात राहतो तो दाट, चमच्याला धरून राहणारा गर. एक वाटी गराला दोन ते अडीच वाट्या ज्वारीचं पीठ लागतं. नेमका आकडा कोहळंच ठरवतं.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसतं पीठ भिजवलं तर लाटताना कडा फाटतात. भाकरीला आपण गरम पाणी घालतो ते याचसाठी, पिष्ट फुगून चिकटपणा यावा म्हणून. इथे गरच गरम असताना पिठात मिसळते. जोडीला दोन चमचे जवस. जवस विदर्भाचं जुनं पीक, चटणीसाठी घरात असतंच. ते भाजून, बारीक कुटून थोड्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत होतं आणि गोळा छान बांधून ठेवतं. अंडं घालायची गरज पडत नाही. गाजर घालायचं तर किसून, हातानं घट्ट पिळून. रताळं घालायचं तर उकडून, पण मग कोहळं कमी करायचं, कारण रताळ्यात पिष्ट जास्त.

धान्य कुत्र्याला पचत नाही असं आजकाल ठामपणे सांगितलं जातं. 2013 साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या जनुकांत पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या प्रती पुष्कळ जास्त असतात, असं त्यात दिसलं. माणसाच्या शेतीभोवती राहता राहता हा प्राणी आतून बदलला. भाकरीवर वाढलेल्या आपल्या गावठी कुत्र्यांकडे बघून मला याचं नवल वाटलं नाही. तरी भाकर हा कुत्र्याच्या जेवणाचा एक भाग आहे. त्याला प्रथिनं हवीतच, आणि भाजीची बिस्किटं जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत.

गोळा मळून होतो तेव्हा शेजारच्या काकू हमखास डोकावतात. “टाक न वं जरासं मीठ, थे अळणी कसं खाईन?” हे त्या मायेनं म्हणतात आणि त्यांच्या अंगणात बसणाऱ्या कुत्र्याला त्या रोज स्वतःच्या ताटातलं देतात. पण खरी काळजी मला त्या ताटाचीच वाटते. आपल्या वरणाला लसणाची फोडणी, रश्श्याला कांद्याचं वाटण. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं हा दोष जात नाही, वाळवल्यानंही नाही. वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू शकतो, आणि रोज थोडं थोडं मिळालं तर तो साचत जातो. कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि घरातलं कुणीही त्याचा संबंध कालच्या रश्श्याशी जोडत नाही. प्रसादातले मनुके आणि द्राक्षं याहून वाईट. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही, म्हणून एकही द्यायचं नाही. मक्याचं कणीस चघळायला टाकतात, त्याचा तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं. सफरचंद चालतं, बिया काढून. पपई, कलिंगड बिनबियांचं. संत्र्याच्या या मुलखात संत्रंही चालतं, साल, पांढऱ्या शिरा आणि बिया काढून एखादी फोड. पण बहुतेक कुत्री सालीच्या वासानंच मान फिरवतात. गोड म्हणून आपल्या वर्ध्याचा गोरसपाक पुढे केला तर आनंदानं खातील, पण त्यातलं तूप आणि साखर त्यांच्या कामाची नाही.

मीठमसाल्याविना उकडलेली भाजी या गावाला परकी नाही. 1936 साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा हे शेगाव होतं. आश्रमाच्या स्वयंपाकघरात आहार हा प्रयोगाचाच विषय होता. मसाले वर्ज्य, भाज्या उकडलेल्या किंवा कच्च्या. कुत्र्यांविषयीचं त्यांचं लिखाण मात्र सेवाग्रामच्या आधीचं. 1926 साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी साठेक मोकाट कुत्री मारवली. गांधीजींनी त्यांची बाजू घेतली आणि संतापलेल्या पत्रांना ‘यंग इंडिया’तून लेखामागून लेख लिहून उत्तरं दिली. मारण्याविषयीचं त्यांचं मत मला पटत नाही. आज कायदाही नसबंदी आणि लसीकरणाचा रस्ता सांगतो, 2023च्या नियमांत तो स्पष्ट आहे. पण त्या लेखांतला दुसरा मुद्दा अजून टोचतो: कुत्रं बिनमालकाचं फिरतं ही समाजाची लाज आहे, आणि जाता जाता त्याच्यापुढे तुकडा टाकणं म्हणजे दया नव्हे. पाळायचं तर नीट पाळा, असा त्यांचा आग्रह होता. चहाच्या टपरीवर उभं राहून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा कुत्र्यांपुढे रिकामा करणारे आपण सगळेच पाहतो. साखर, मैदा आणि मीठ जातं त्यांच्या पोटात. त्यांना रेबीजची लस मिळाली का, हे विचारायला कुणी थांबत नाही. मला वाटतं, खाऊ देणाऱ्याची पहिली जबाबदारी तीच.

गोळा अर्धा तास झाकून ठेवला की लाटायला घ्यायचा, पोळीपेक्षा जाड, साधारण अर्धा सेंटिमीटर. पोळपाटावर प्लॅस्टिकचा कागद घातला तर चिकटत नाही. कापायला औषधाच्या बाटलीचं धुतलेलं झाकण पुरतं. काट्यानं प्रत्येकाला दोन-तीन भोकं, म्हणजे वाफ निघून जाते आणि ती फुगत नाहीत. ओव्हनमध्ये 160 अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड आणि ताटली ठेवून, नानकटाई करतो तसं. कडा तपकिरी व्हायला लागल्या की बंद. पण ती तेवढ्यानं होत नाहीत. गरम असताना दाबून बघितलं तर मधे मऊच लागतात. ओव्हनचं दार बंद ठेवून रात्रभर आतच राहू द्यायची. सकाळी एक मोडायचं. कट्ट आवाज आला आणि आतला रंग कडेइतकाच कोरडा दिसला तर डब्यात भरायची. वाकलं तर पुन्हा मंद आचेवर. ओल राहिली की पावसाळ्यात तीन दिवसांत बुरशी धरते, आणि धान्यावरच्या बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत खराब करतं. वास बदललेला डबा सरळ टाकून द्यावा. म्हाताऱ्या, दात गेलेल्या कुत्र्यांसाठी मात्र मऊच ठेवायची आणि फ्रिजमध्ये चार दिवसांत संपवायची.

उन्हाळ्यात ओव्हनची गरज उरत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गच्चीवर कुरडया, पापडांचं वाळवण पडतं, त्यातच एका ताटात उकडलेल्या रताळ्याच्या पातळ चकत्या. वरून जाळीचं कापड, माश्यांसाठी. तिसऱ्या दिवशी त्या चामड्यागत चिवट होतात. राणी असली चकती पुढच्या दोन्ही पायांत उभी धरते, मान तिरपी करून मागच्या दाढेखाली घेते आणि डोळे बारीक करून बराच वेळ चावत राहते. कोहळ्याचं बिस्किट ती आधी जमिनीवर ठेवते, सगळीकडून हुंगते, मग उचलते. कुत्र्याच्या जिभेवरच्या चवीच्या कळ्या आपल्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, त्याचं सगळं नाकात. भाजलेल्या ज्वारीचा आणि जवसाचा वास तिला पुरतो. मिठाची कमी आपल्यालाच वाटते.

किती द्यायची याचं गणित सोपं आहे. दिवसाच्या एकूण खाण्यातला दहावा हिस्सा खाऊचा, त्यापुढे नाही. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 750 ते 850 कॅलरी लागतात. चार ग्रॅमच्या एका बिस्किटात तेरा-चौदा येतात, म्हणजे पाच-सहा झाली की हिशोब संपला. कोहळ्याचा चोथा जास्त झाला तर पोटही बिघडतं. मुतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला पालक आणि बीट घातलेलं देऊ नये, आधी पशुवैद्याला विचारावं. शेजारी डबा देताना काय काय घातलं आहे आणि कधी भाजली, याची चिठ्ठी मी वर चिकटवते. मुलं लाडानं जास्त देतात ते थांबवता येत नाही. अशा दिवशी राणीच्या संध्याकाळच्या भाकरीतला चतकोर कमी होतो.