मुंगळ्यांची राणी पाठीवरून ओळखावी
पायाखालचं जग : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण बाभळीच्या खोडावरची मुंगळ्यांची रांग पाहिली. माव्याच्या गोड स्रावासाठी वर-खाली करणाऱ्या त्या रांगेत लहान, मध्यम आणि थोराड डोक्याचे असे सगळ्या मापांचे मुंगळे होते. त्यांतला सर्वांत मोठा तो राणी, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. थोराड डोक्याची ती मुंगी कामकरीच असते. राणी रांगेत चालत नाही. घर वसलं की ती जमिनीखाली खोल राहते आणि सहसा पुन्हा बाहेर येत नाही.

मग ती दिसायची कधी? आयुष्याच्या अगदी सुरुवातीला, काही तास. पावसाळी हवेत, वारा पडलेला असताना जुन्या घरांतून पंख असलेल्या कोवळ्या राण्या आणि नर बाहेर पडतात, हवेत त्यांचं मीलन होतं आणि राणी खाली उतरते. त्यातल्या काही रात्री दिव्यांकडे ओढल्या जातात. म्हणून अशा रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, सैल सालीखाली. एकटीच, रांग सोडून, फटीफटीत डोकावत धावणारी मोठी काळी मुंगी दिसली तर थांबावं.

आता तिच्या आकारापेक्षा पाठीकडे लक्ष द्या. कामकरी मुंगळ्याला उडायचं नसतं, त्यामुळे त्याचं वक्ष अरुंद असतं आणि बाजूने पाहिलं तर वरची रेषा एका सलग कमानीत मागे उतरते. राणीच्या वक्षात पंख हलवणारे स्नायू असतात. तिथे ती रुंद आणि फुगीर असते, वर एक मोठी ढालीसारखी तबकडी आणि तिच्यामागे एक छोटी चकती वेगळी दिसते. भिंग धरलं तर तबकडीच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा सापडतात. कधी पंखाचा ओबडधोबड खुंटही उरलेला असतो. पंखाच्या मुळाशी एक कमकुवत रेघ असते. खाली उतरल्यावर राणी पायांनी पंख रेटते आणि ते नेमके त्या रेघेवर मोडतात. शेवटची खूण डोक्यावर: दोन मोठ्या डोळ्यांखेरीज माथ्यावर तीन बारीक साधे डोळे. आपल्या मुंगळ्याच्या कामकऱ्यांत ते नसतात.

हे झालं राणी ओळखणं. ती मुंगळ्याचीच आहे ना, हेही पाहावं लागतं. आपला नेहमीचा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याचं शास्त्रीय वर्णन फॅब्रिशियस यांनी १७८७ मध्ये केलं. कॅम्पोनोटस या प्रजातीत जगभरात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांना सुतार मुंग्या म्हणतात. काही जाती लाकूड कोरून राहतात, पण आपला मुंगळा बहुधा झाडाच्या मुळांशी मातीत घर करतो. त्याच्या कमरेला एकच गाठ असते, नांगी नसते आणि उदराच्या टोकाला आम्ल फवारण्याचं बारीक, केसाळ छिद्र असतं. वक्षावर काटे दिसले तर ती मुंगी वेगळी. दिव्याखाली वाळवीची पाखरंही असतात: त्यांना कंबर नसते, मिशा सरळ असतात आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. लहान डोक्याचा, सडपातळ, पंखवाला मुंगळा दिसला तर तो नर. मीलनानंतर तो फार दिवस जगत नाही.

पंख गळले म्हणजे मीलन झालंच, असं मात्र नाही. बाहेरून पाहून ते सांगता येत नाही. वागण्यात मात्र फरक पडतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये याच मुंगळ्याच्या राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मीलन न झालेल्या राण्यांच्या हालचालीला सुमारे चोवीस तासांची लय होती. मीलन झालेल्या राण्यांची लय अंडी घालण्याच्या काळात हरपली आणि तो काळ संपताच परत आली.

त्या काळात राणी जमिनीखाली स्वतःला कोंडून घेते आणि काहीही खात नाही. उडण्याचे स्नायू आणि साठवलेली चरबी विरघळवून ती पहिल्या अळ्यांना पोसते. या मुंग्यांच्या शरीरात ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात. ते आवश्यक अमिनो आम्लं पुरवतात आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात. म्हणजे वसाहतीची सारी शिदोरी तिच्या एकटीच्या अंगात असते. हे कळल्यावर राणी शोधणाऱ्याने काही पथ्यं पाळायलाच हवीत. राणीसाठी मुंगळ्यांचं घर कधीही खणू नका. ती हाती लागेपर्यंत वसाहत उद्ध्वस्त झालेली असते. दगड उचललात तर होता तसा ठेवा. राणी पारदर्शक डबीत घ्या, बाजूने आणि वरून फोटो काढा, तारीख, वेळ आणि पाऊस कधी पडला ते लिहा, आणि काही मिनिटांत तिला सापडली तिथेच सोडा. आपल्याकडे मुंगळे कोणत्या रात्री उडतात, याचं उत्तर अशा नोंदी गावोगाव जमल्या तरच मिळेल, आणि शाळेतल्या मुलांनाही त्या सहज करता येतील.

(पुढील लेखांकात : कोंडलेल्या राणीची पहिली लेकरं)