उणे १९६ अंशांवरील वाद

देवणी गोवंशाची ख्याती असलेल्या उदगीर परिसरातील शेतकऱ्याला अतिशीत साठवणीचे नवल उरलेले नाही. पशुवैद्यकाजवळच्या द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रातून वळूची गोठित रेतमात्रा निघते, कोमट पाण्यात वितळते आणि यथाकाळ गोठ्यात वासरू हंबरते. उणे १९६ अंशांवर पेशीचा जीवनव्यापार थांबतो. तो संपतोच असे नाही.

या सत्यावर अमेरिकेतील रॉबर्ट एटिंजर यांनी १९६० च्या दशकात एक धाडसी तर्क उभारला. मृत घोषित झालेला मनुष्यही असाच गोठवून ठेवावा आणि त्याचा रोग बरा करणाऱ्या वैद्यकाची वाट पाहावी, असा तो तर्क. जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकाचा देह असा ठेवला गेला. त्यानंतर शेकडो देह ठेवले गेले. उठून बसलेला मात्र एकही नाही.

वैद्यकाने या मंडळींना दारातच उभे केले नाही. शीतजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये देह गोठविणाऱ्यांना सभासदत्व नाकारता येईल अशी तरतूद केली. हा तिरस्कार निराधार नव्हता. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे तळघरात ठेवलेले देह पैशाअभावी वितळून गेल्याचे १९७९ मध्ये उघडकीस आले होते. मुळात हा व्यवहारच विलक्षण. ग्राहक मृत, मालाच्या पोचेला मुदत नाही, आणि पोच न झाल्यास तक्रारीस येणार कोण? त्यासाठी आज एका संस्थेत दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम पडते.

तथापि तिरस्काराने तपासणीची जागा घेतली की काय होते, हे या देशाने पाहिले आहे. कलकत्त्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली बालिका गोठविलेल्या भ्रूणापासून जन्मली, असे डॉ. सुभाष मुखोपाध्याय सांगत होते. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरविले. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासमवेत ज्यांना पहिल्या परीक्षानळी-बालिकेचे श्रेय मिळाले, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. अशी उदारता विद्याक्षेत्रात दुर्मीळच! अर्थात मुखोपाध्यायांपाशी जिवंत मूल होते, देह गोठविणाऱ्यांपाशी केवळ आशा आहे. दोहोंची बरोबरी करता येणार नाही.

मग सहकार्य व्हावे ते कोठे? अवयवांच्या साठवणीत. काढलेले हृदय चार ते सहा तास टिकते, मूत्रपिंड साधारण एक-दीड दिवस. उदगीरहून लातूर ओलांडून पुणे वा छत्रपती संभाजीनगर रस्त्याने गाठेपर्यंत हृदयाचे आयुष्य वाटेतच सरते. गोठविताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, ही खरी अडचण. स्फटिक होऊ न देता अवयव काचेसारखा घट्ट करण्याचा मार्ग ग्रेगरी फाही यांनी १९८० च्या दशकात दाखविला. आणि पुढे त्यांच्या प्रयोगशाळेला द्रव्य पुरविणाऱ्यांत हेच उपेक्षित देह-गोठवे होते! मिनेसोटा विद्यापीठात २०२३ मध्ये अशा रीतीने १०० दिवसांपर्यंत ठेवलेली उंदरांची मूत्रपिंडे पुन्हा बसवून कार्यरत झाली. मनुष्याचा अवयव आकाराने मोठा असल्याने तो सर्वत्र सारखा तापविणे अजून साधायचे आहे. तेथे वैद्यकाला पैसा हवा आहे, चिकाटी हवी आहे, आणि या मंडळींपाशी दोन्ही आहे.

पण सहकार्य करारानेच व्हावे. फसलेल्या प्रयोगांसह सर्व नोंदी खुल्या असाव्यात, ठेवींचे हिशेब त्रयस्थाने तपासावेत. भारतातील १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरविणारे डॉक्टर प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील असू शकत नाहीत. तोच दंडक येथेही असावा. रुग्ण गेला हे सांगणाऱ्या डॉक्टराचा त्या शीतपात्राशी एका पैशाचाही संबंध असता कामा नये.