घरच्या वादकांची मैफल

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या क्षेत्रात एक प्रथा आता चांगलीच स्थिरावली आहे. युरोप-अमेरिकेतील अनेक चेंबर ऑर्केस्ट्रा आपल्या वार्षिक कार्यक्रमातील एखादी मैफल बरोक संगीतासाठी, म्हणजे स्थूलमानाने १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतील रचनांसाठी, राखून ठेवतात. आणि तीत बाहेरचा नामांकित कलावंत न बोलावता वृंदातीलच वादक आळीपाळीने पुढे येऊन एकल वादन करतात. एरवी मागे बसणारी ओबोवादक एका रचनेपुरती रंगमंचाच्या मध्यभागी येते आणि ती रचना संपताच आपल्या जागी जाऊन इतरांची साथ करू लागते. या प्रथेकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी मात्र काहीशी दयाबुद्धीची असते. पैशांची चणचण असल्यामुळे घरच्या माणसांवर भागविले, असा तिचा सूर असतो. ही दृष्टी इतिहासाला धरून नाही, आणि थोडा विचार केल्यास असे दिसेल की ती अर्थशास्त्रालाही धरून नाही.

अनाथालय आणि दरबार

एकल वादक म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा, ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची. बरोक काळात तसे नव्हते. कोरेल्लीच्या १७१४ मध्ये आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या बारा कॉन्चेर्तोंमध्ये दोन व्हायोलिने व एक चेलो यांचा लहान गट आणि उरलेला वृंद यांचा संवाद चालतो. लहान गटातील वादक हे त्याच मंडळीतले. संवाद संपला की ते सर्वांबरोबर वाजवू लागतात.

व्हेनिसमधील ‘पिएता’ या अनाथालयाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे वाढलेल्या मुलींपैकी निवडक मुलींना संगीताचे शिक्षण मिळे आणि चर्चच्या सज्जात, जाळीआड बसून त्या वादन करीत. ते ऐकण्यासाठी युरोपभरचे प्रवासी येत आणि संस्थेला देणग्या मिळत. विवाल्दीची येथे व्हायोलिन-शिक्षक म्हणून १७०३ मध्ये नेमणूक झाली. संस्थेचे विश्वस्त हिशेबाला पक्के होते. १७०९ मध्ये त्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही आणि १७११ मध्ये त्याला पुन्हा बोलाविले. पुढे १७२३ मध्ये महिन्याला दोन कॉन्चेर्तो आणि प्रत्येकी एक सेक्विन मोबदला असा करार झाला. विवाल्दीच्या सुमारे पाचशे कॉन्चेर्तोंतील पुष्कळसे या मुलींसाठी रचले गेले. आडनाव नसलेल्या या मुली आपल्या वाद्यावरून ओळखल्या जात. ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. संस्थेने पैसा खर्च केला तो शिक्षणावर आणि नव्या रचनांवर, पाहुण्यांवर नव्हे. आजच्या परिभाषेत ही मानवी भांडवलातील गुंतवणूक होती.

बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची कहाणीही याच जातीची. प्रशियाच्या नव्या राजाने १७१३ मध्ये काटकसरीपोटी बर्लिन दरबारचा वाद्यवृंद मोडला, तेव्हा त्यातील काही निष्णात वादक क्योटेन या लहानशा संस्थानात गेले. तेथे बाख १७१७ ते १७२३ या काळात संगीतप्रमुख होता. २४ मार्च १७२१ रोजी त्याने ब्रांडेनबुर्गच्या सरदारास अर्पण केलेल्या सहा रचनांत एकाच वाद्याला मोठेपण दिलेले नाही. दुसरीत ट्रम्पेट, रेकॉर्डर, ओबो आणि व्हायोलिन बरोबरीने पुढे येतात. तिसरीत तीन व्हायोलिने, तीन व्हायोला आणि तीन चेलो असे नऊजण एकमेकांना उत्तरे देतात. सहावीत व्हायोलिने मुळीच नाहीत, मान व्हायोलांचा आहे. पाचवीत तर तोपर्यंत साथीपुरते समजले जाणारे हार्पसिकॉर्ड दीर्घ काळ एकट्याने वाजत राहते. हे संगीत वृंदातील गुणवत्तेच्या वाटपावर उभे आहे. त्यासाठी एक तारा आणून भागत नाही. दहा-बारा चांगली माणसे लागतात.

खर्चाचे गणित

आता प्रश्न पैशांचा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या आर्थिक पेचावर ग्रंथ लिहून एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्रे सुधारली की दर माणशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढते. चौघांचे तंतुवाद्यवादन मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ मागे, तितकाच आजही मागते. वेतन समाजाबरोबर वाढवावेच लागते, उत्पादकता वाढत नाही. म्हणून मैफलीचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नाच्या पुढे धावतो आणि ती तूट देणगीदारांनी वा सरकारने भरावी लागते.

याला दुसरी बाजू शर्विन रोझेन याने १९८१ मध्ये ताऱ्यांच्या अर्थशास्त्रावरील निबंधात मांडली. ध्वनिमुद्रणासारख्या साधनांमुळे एकच कलावंत लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोचू शकतो. त्यामुळे गुणांतील फरक थोडा असला तरी प्राप्तीतील फरक प्रचंड होतो. अर्थशास्त्र ज्याला ‘आर्थिक खंड’ म्हणते, त्याचाच हा एक प्रकार. गंमत अशी की ही किंमत जागतिक बाजारात ठरते आणि ती पाचशे खुर्च्यांच्या सभागृहाला मोजावी लागते. पाहुणा न बोलाविणारी संस्था हा खंड वाचविते. बॉमोलने सांगितलेला मूळ विकार त्यामुळे बरा होत नाही, हेही तितकेच खरे. कारण वृंदाचे वेतन द्यावेच लागते.

म्हणून कळीचा प्रश्न असा की वाचलेला पैसा जातो कोठे? एकल वादनासाठी वादकाला महिनोन् महिने जादा सराव करावा लागतो. त्याचा मोबदला न देता केवळ ‘संधी दिली’ असे म्हणणाऱ्या संस्थेची बचत ही त्या वादकाच्या खिशातून झालेली असते. उलट, तोच पैसा जादा मानधन आणि जादा तालमी यांवर खर्च झाला, तर वृंदाची पातळी कायमची उंचावते. पाहुणा जाताना आपली विद्या बरोबर घेऊन जातो. घरच्या वादकाने कमाविलेली विद्या दुसऱ्या दिवशीच्या तालमीत उपयोगी पडते.

आक्षेप आणि अनुभव

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की नावाशिवाय तिकिटे खपत नाहीत. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु श्रोत्यांची निष्ठा संस्थेवर जडविणे हे संस्थेचेच काम आहे, आणि दरवेळी नवा पाहुणा दाखविल्याने ती जडत नाही. दुसरा आक्षेप असा की सगळेच वादक एकल वादनाच्या तोलाचे नसतात. हेही मान्य, पण बरोक रचना याबाबतीत उदार आहेत. त्यांत दोघांचे, तिघांचे, चौघांचे एकल वादन असते आणि प्रत्येकाच्या शक्तीनुसार भार वाटता येतो. न्यूयॉर्कमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्फियस’ या वृंदाने तर संचालकाचे पदच ठेवले नाही. रचनेगणिक नेतृत्व बदलते, तरीही कार्नेगी हॉलपर्यंत त्याने नाव कमाविले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. आपल्या मैफलींत साथीदाराचे नाव बारीक अक्षरांत छापण्याची रीत जुनी आहे. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद ज्यांनी उभे केले, त्या गोमंतकीय वादकांपैकी बहुतेकांची नावे ध्वनिमुद्रिकांवर कधी आलीच नाहीत. मुंबईत २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा व्यावसायिक वृंद सुरू झाला. त्यातील वादकांचा मोठा भाग परदेशांतून येतो. येथील तरुणाने व्हायोलिन वा चेलो हा चरितार्थाचा मार्ग मानावा असे वाटत असेल, तर शेवटच्या रांगेतून पुढे येण्याची वाट त्याला दिसली पाहिजे. वर्षातून एक बरोक मैफल, तीत येथल्याच वादकांना एकल स्थान आणि त्याचा रीतसर मोबदला, एवढ्यापासून आरंभ करता येईल. त्यासाठी अवाढव्य निधी लागत नाही. पिएताच्या विश्वस्तांप्रमाणे हिशेब नीट मांडला आणि पैसा शिक्षणावर खर्च करण्याची तयारी ठेवली, तर ते साधण्याजोगे आहे.