मूळपेशी काय करतात आणि काय करीत नाहीत

गेल्या वर्षी आमच्या युनियनचा एक जुना सभासद भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढण्याचा अर्ज घेऊन आला. "भाऊ, एवढी शिफारस करा," म्हणाला. त्याच्या मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिस झालेला. आधी एका डोळ्याची दृष्टी मंदावली, ती परत आली; मग पाय जड पडू लागले. अर्जासोबत एका खासगी दवाखान्याचे रंगीत पत्रक होते, स्टेम सेलच्या इंजेक्शनाने आराम पाडण्याचे. आम्ही त्याला आठ दिवस थांबवले. त्या दिवसांत जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून पारखून घेतले, ते येथे सांगत आहोत. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिलेले नाही, तेव्हा दाखले कारखान्यातले येतील.

विजेच्या तारेवर आवरण असते, तसे मज्जातंतूवरही एक स्निग्ध आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. या रोगात शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच मेंदूत व मज्जारज्जूत शिरून ते कुरतडतात. कुंपणच शेत खाऊ लागते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले.

नेहमीची औषधे या पेशींना आवरतात. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या पहारेकऱ्यांना एकदम काढून नवी भरती करणे. थोड्यांच्या चुकीसाठी सर्वांना कामावरून कमी करू नये म्हणून आम्ही उभा जन्म भांडलो, आणि आज हाच दाखला द्यावा लागतो! परंतु येथे तो लागू पडतो खरा. प्रथम रोग्याच्याच अस्थिमज्जेतील रक्त घडवणाऱ्या मूळपेशी औषधाने रक्तात उतरवतात, यंत्राने वेचतात व गोठवून ठेवतात. मग सायक्लोफॉस्फामाइडसारखे कॅन्सरवरचे औषध मोठ्या मात्रेत देतात. जोडीला बहुधा सशाच्या शरीरात तयार केलेले प्रतिद्रव्य. जुनी फौज बव्हंशी नष्ट होते. केस गळतात, अपत्यप्राप्तीची शक्ती जाऊ शकते, आणि काही दिवस साधा जंतूही जिवावर बेततो. त्यानंतर साठवलेल्या पेशी शिरेतून परत सोडतात व त्यांतून नवे रक्त घडते.

मेख येथेच आहे. रोग थांबवते ते औषध. मूळपेशी रोग्याला त्या औषधाच्या तडाख्यातून सुखरूप बाहेर आणतात, इतकेच. मेंदूत जाऊन त्या तुटलेली तार सांधीत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या उपचाराचा फारसा लाभ नाही. ज्याचा रोग अजून उसळ्या मारतो आहे, त्याला आहे.

या रोगावर हा प्रयोग प्रथम १९९५ साली ग्रीसमध्ये थेसालोनिकी येथे फासास यांनी केला. कॅनडातील २४ रोग्यांचा वृत्तांत २०१६ साली आला. एक रोगी उपचारानेच दगावला, उरलेल्या २३ जणांत रोगाचा नवा झटका आला नाही. शिकागोच्या बर्ट यांनी ११० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात औषधांच्या गटातील ३४ जणांचा रोग वाढला होता, मूळपेशींच्या गटात ३ जणांचा. मात्र पहिल्या गटाला आजची सर्वांत प्रभावी औषधे मिळाली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे.

आता ते पत्रक. त्यात केमोथेरपीचा शब्दही नव्हता. पेशी पोटाच्या चरबीतून काढणार होते. त्या मेसेन्कायमल जातीच्या, रक्त घडवणाऱ्या नव्हेत. याच जातीच्या, पण अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींची १४४ रोग्यांवर चाचणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात मेंदूतील ताजे व्रण कमी झालेले दिसले नाहीत. म्हणजे यश एका उपचाराचे आणि पावती दुसऱ्याच मालाची! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशींचा वापर केवळ मान्य चाचणीतच करावयाचा, आणि चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत.

हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. "मग काहीच करायचं नाही का, भाऊ?" त्याने विचारले. मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. तेथे रितुक्सिमॅब सुरू झाले. दर सहा महिन्यांनी एक डोस. निधीचा अर्ज आमच्या खणात पडून आहे. डोसाच्या दिवसाचा त्याचा रजेचा अर्ज मात्र आम्ही त्याच दिवशी पुढे पाठवला.