जुन्या वाड्याची वीट आणि नवी मजबुती

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडा दुरुस्त करून त्यास एखादी खोली वाढवावयाची झाली, म्हणजे मालक व गवंडी या दोघांचाही पहिला विचार मजबुतीचा असतो; आणि वाड्याचे नुकसान पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

पेशवेकालीन वीट पातळ, मऊ व सच्छिद्र असते. तिच्या भिंतीत जमिनीतील आणि पावसाची ओल थोडीबहुत शिरतेच. शिरलेली ओल पुन्हा बाहेर पडावी, अशी योजना चुन्याच्या दरजांमुळे आपोआप साधली जाई. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली असता तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेला कळीचा चुना पाण्यात विरवून, त्यात वाळू वा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो बैलाच्या घाणीत मळीत. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतील तोच वायू सावकाश शोषून पुनश्च चुनखडीचे रूप घेतो. सुरखीच्या योगाने तो ओलीतही आवळतो. असा चुना विटेहून दुबळा असतो, आणि त्याचा खरा गुण हाच होय. भिंत किंचित हलली तर तडा दरजेत जातो, वीट शाबूत राहते.

१८२४ साली इंग्लंडमध्ये ज्याचे पेटंट घेतले गेले, त्या पोर्टलंड सिमेंटाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. (आजचे सिमेंट तर त्या वेळच्यापेक्षा पुष्कळच कडक असते.) सिमेंटाच्या दरजेतून वाफ सहजी जात नाही; ओल विटेच्या तोंडावाटे सुटू पाहते, तिच्यासवे आलेले क्षार तेथेच स्फटिकरूप होतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी दरज उभी व वीट झिजलेली, असे विपरीत दृश्य दिसते. याहून घातक गोष्ट गिलाव्याआड घडते. कोंडलेल्या ओलीने भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात, आणि ती वाकेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही.

वाडा वाढविण्याची जुनी रीत खणाची होती. तळखड्यावर उभ्या खांबांमधील अंतर तो खण. खणास खण, चौकास चौक जोडून घर विस्तारे. भार मुख्यतः सागवानी सांगाडा पेली, वीट बव्हंशी भरणीची असे. विश्रामबाग वाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळूनही वाडा पुन्हा उभा राहू शकला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. कडीपाट काढून काँक्रीटचा स्लॅब टाकण्यास वजनाची हरकत घेतात, ती अपुरी होय. कडीपाटावरील मातीचा थरही हलका नसतो. भार कोठे उतरतो हा खरा प्रश्न. स्लॅब भिंतीत अडकविला की भरणीच्या विटेवर तिचे नसलेले काम येऊन पडते.

यास्तव नव्या भागास स्वतंत्र पाया व स्वतंत्र खांब द्यावेत, आणि नवी भिंत जुनीत न गुंफता मध्ये सांधा मोकळा ठेवावा. नवा पाया काही काळ खचतोच. पूर्वी भरलेल्या सिमेंटाच्या दरजा मात्र सरसकट उकरू नयेत. जेथे सिमेंट विटेस घट्ट चिकटले आहे, तेथे छिन्नीने विटेच्या कडा आधी फुटतात.