न्यूट्रिनोंच्या मागावर (लेखांक १४) : अडीच अंश बाजूला

पृथ्वीच्या खडकातून जाताना न्यूट्रिनोंवर काय परिणाम होतो, ते आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण साताऱ्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. त्या विचारतात : जपानच्या तोकाईहून सुटणारा झोत कामिओकाच्या टाकीवर रोखलेला नसून अडीच अंश बाजूला आहे, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. एवढ्या खटाटोपाने तयार केलेले न्यूट्रिनो बाजूने का जाऊ द्यायचे?

मुद्दाम. २९५ किलोमीटरवर अडीच अंश म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर! झोताचा मध्य कामिओकाच्या त्या टाकीपासून, म्हणजे सुपर-कामिओकांडेपासून, इतक्या लांबून जातो.

टाकी हलवता येत नाही, म्हणजे अंतर ठरलेलं. मग ऊर्जा जुळवायची उरते. वाटेत म्यूऑन-न्यूट्रिनोंचं इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंत होणारं रूपांतर टिपायचं असतं आणि २९५ किलोमीटरवर ते सर्वांत जास्त होतं ०.६ जीईव्हीच्या आसपासच्या न्यूट्रिनोंचं. सरळ झोतात मात्र सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते, आणि त्यातले जास्त ऊर्जेचे नुसते निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. ते पाण्यात विद्युतभाररहित पायॉन निर्माण करतात. त्यातून निघणाऱ्या दोन गॅमा किरणांपैकी एक नजरेतून सुटला, तर दुसरा हुबेहूब इलेक्ट्रॉनसारखा दिसतो. आणि इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोची खूण म्हणून आपण तर इलेक्ट्रॉनच शोधत असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. झोतातले न्यूट्रिनो येतात ते विद्युतभार असलेल्या पायॉनच्या फुटण्यातून. असा पायॉन स्थिर असताना फुटला तर त्यातून म्यूऑन आणि न्यूट्रिनो असे दोनच कण निघतात, म्हणून न्यूट्रिनोच्या वाट्याला ठरलेली ऊर्जा येते : सुमारे ३० एमईव्ही. पायॉन धावत असेल तर न्यूट्रिनोचा पुढच्या दिशेचा संवेग वाढतो, पण आडव्या दिशेचा वाढत नाही. पायॉन कितीही वेगात असो, आडवा संवेग तिशीच्या पुढे जाणार नाही. म्हणून अडीच अंशांवर, म्हणजे ०.०४४ रेडियनवर, पोचणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा ३० भागिले ०.०४४, म्हणजे ६८० एमईव्हीच्या वर जाऊच शकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. दोन जीईव्हीच्या पायॉनने नाकासमोर सोडलेला न्यूट्रिनो ०.८५ जीईव्हीचा असतो आणि पाच जीईव्हीच्या पायॉनचा २.१ चा. अडीच अंशांवर मात्र दोघांचेही न्यूट्रिनो ०.६ च्या जवळ येतात! वेगवेगळ्या ऊर्जांचे पायॉन, पण न्यूट्रिनो एकाच ऊर्जेभोवती गोळा होतात. एकूण न्यूट्रिनो कमी मिळतात, तरी हव्या त्या ऊर्जेचे सरळ झोतापेक्षा जास्त मिळतात. हे गणित पहिल्यांदा स्वतः करून पाहिलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

१९९५ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत या युक्तीवर आधारलेला एक प्रस्ताव मांडला गेला होता. तो प्रयोग उभा राहिला नाही. कल्पना मात्र टिकली आणि तोकाई ते कामिओका या आपल्या प्रयोगाने, म्हणजे टी२केने, ती प्रत्यक्षात आणली.

अर्थात बाजूला उभं राहायचं तर कोन काटेकोर सांभाळावा लागतो. एक मिलिरेडियनची चूक झाली तरी ऊर्जेचं शिखर दोन टक्क्यांहून जास्त सरकतं. म्हणून जिथे पायॉन तयार होतात त्या ग्राफाइटच्या लक्ष्यापासून २८० मीटरवर, अगदी झोताच्या अक्षावर, लोखंडी पत्रे आणि सिंटिलेटर यांचे ठोकळे क्रॉसच्या आकारात मांडले आहेत. झोताचा मध्य कुठे आहे ते पाहणं हे त्यांचं काम.

जून २०११ मध्ये टी२केने इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोसारख्या सहा घटना जाहीर केल्या. हे रूपांतर ज्यावर अवलंबून असतं त्या तिसऱ्या मिश्रणकोनाचं मूल्य शून्य असतं, तर दीडच अपेक्षित होती. २०१३ पर्यंत त्या २८ झाल्या आणि शंकेला जागा उरली नाही. सहा घटनांवर जगाने विश्वास ठेवायचा, तर नकली इलेक्ट्रॉन आधीच कमी केलेले असावे लागतात. त्या निकालाचं बरंचसं श्रेय मी या अडीच अंशांना देतो.

शिकागोजवळच्या फर्मिलॅबच्या नोव्हा प्रयोगातही हीच युक्ती आहे. कोन १४ मिलिरेडियन, म्हणून ऊर्जा ३० भागिले ०.०१४, साधारण दोन जीईव्ही. तिथे डिटेक्टर ८१० किलोमीटरवर, मिनेसोटात आहे. इतक्या लांबच्या वाटेवर खडकाचा हिशेब टाळता येत नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात तोच.